सरकारी वकिलांकडे इंटर्नशिप: आपला जिल्हा, औरंगाबाद खंडपीठ की मुंबई?

जळगाव, धुळे, नंदुरबारला एलएलबी करणाऱ्या आणि पुढे सरकार पक्षाकडून खटले चालवायची ओढ असलेल्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. इंटर्नशिपसाठी मुंबई गाठावी, औरंगाबाद खंडपीठात जावं, की आपल्याच जिल्हा न्यायालयात चार आठवडे काढावेत? मुंबईचं नाव बायोडाटावर वजनदार दिसतं, म्हणून बरेच जण पहिल्याच वर्षी तिकडे अर्ज करतात. आम्हाला हा क्रम उलटा वाटतो. पहिली इंटर्नशिप जिल्ह्यात करावी, दुसरी खंडपीठात, आणि नेमकं काय शिकायचं ते ठरलं असेल तरच मुंबई धरावी.

आधी पदं ओळखा

‘सरकारी वकील’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. त्यात निरनिराळी माणसं येतात, आणि त्यांची खाती, नेमणुका, कामं सगळं वेगळं असतं. चुकीच्या दारात अर्ज नेऊन महिना घालवणारे विद्यार्थी इथेच फसतात.

मॅजिस्ट्रेट कोर्टात खटला चालवतो तो सहायक सरकारी अभियोक्ता. तो महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत निवडला जातो, गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखाली काम करतो. त्याची नोकरी कायमची आणि बदलीची असते. सत्र न्यायालयात उभे राहतात ते जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे अतिरिक्त व सहायक सरकारी वकील. ही मंडळी मुळात वकिली करणारी असतात. विधी व न्याय विभाग त्यांना विधी अधिकाऱ्यांच्या १९८४ च्या नियमांनुसार ठरावीक मुदतीसाठी नेमतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे सरकारी वकील किंवा अतिरिक्त सरकारी वकील व्हायला किमान ७ वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकील व्हायला १० वर्षांची. उच्च न्यायालयातलं कार्यालय वेगळं. सीबीआय, एनआयए, ईडी यांचे वकील केंद्राचे, त्यांचा राज्याच्या कार्यालयाशी संबंध नाही.

एक घोटाळा लक्षात ठेवा. कोर्टाच्या आवारात ‘एपीपी साहेब’ म्हटलं की मॅजिस्ट्रेट कोर्टात त्याचा अर्थ सहायक सरकारी अभियोक्ता होतो. उच्च न्यायालयात त्याच तीन अक्षरांचा अर्थ अतिरिक्त सरकारी वकील असा होतो. अर्जात आणि डायरीत पूर्ण पदनाम लिहा. नाहीतर मुलाखतीत ‘नेमकं कोणत्या कोर्टात होतात?’ या पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होतं.

याचा सरळ अर्थ असा, की नुकत्याच पास झालेल्याला सरकारी वकिलाच्या कार्यालयात नोकरी मिळेल असं पदच आपल्या व्यवस्थेत जवळपास नाही. चांगली इंटर्नशिप केली म्हणून तिथेच सामावून घेतील ही आशा धरू नका. मुंबईतही नाही आणि जळगावातही नाही. इंटर्नशिपमधून मिळतं ते काम शिकणं आणि कामाची ओळख. नोकरी पुढे वकिलीच्या वर्षांवर आणि परीक्षेवर ठरते.

हातात आठवडे किती

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, आणि ती एका वर्षात सलग ४ आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे तीन वर्षांच्या विद्यार्थ्याकडे मोजून तीन डाव असतात. नियम वकील, न्यायपालिका, स्वयंसेवी संस्था, कंपन्या अशा वेगवेगळ्या ठिकाणचा अनुभव मागतो. त्यामुळे तिन्ही डाव सरकारी वकिलांकडेच लावायचे असतील तर आधी महाविद्यालयाला विचारून घ्या.

सर्वांत मोठी चूक होते महिना निवडताना. विद्यापीठाची परीक्षा संपली की मे महिना मोकळा दिसतो, आणि नेमकी तेव्हाच न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. सुट्टीतल्या न्यायालयात जामीन आणि तातडीचे अर्ज चालतात, साक्षीपुरावा चालत नाही. मेमध्ये आलेला विद्यार्थी चार आठवडे जामीनअर्जांचे गठ्ठे बघतो आणि एकाही साक्षीदाराची सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या पक्षाने घेतलेली साक्ष) न ऐकता प्रमाणपत्र घेऊन जातो. दिवाळीच्या सुट्टीचंही तसंच. न्यायालय उघडल्यानंतरचे जूनचे आठवडे किंवा दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचे आठवडे धरा. फक्त हजेरी सांभाळा, कारण प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीची अट त्याच नियमांत आहे. सत्र चालू असताना इंटर्नशिप करणार असाल तर प्राचार्यांचं लेखी पत्र आधी हातात हवं.

जिल्हा न्यायालय: इथे साक्षीदार दिसतो

फौजदारी वकिली साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर शिकायला मिळते, आणि तो पिंजरा जिल्ह्यात असतो. उच्च न्यायालयात कागद असतात, माणसं नसतात. जळगावला जिल्हा व सत्र न्यायालय आहेच, भुसावळ आणि अमळनेरला अतिरिक्त सत्र न्यायालयं आहेत. धुळे, नंदुरबार, शहादा इथेही सत्र खटले चालतात. मोठे खटले फक्त मुंबईत होतात हा समज खानदेशातल्या मुलांनी तरी धरू नये. जळगाव घरकुल प्रकरणाचा निकाल ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागला आणि त्यात ४८ आरोपी दोषी ठरले. इतके आरोपी आणि इतकी कागदपत्रं असलेला खटला कसा उभा करतात, हे बघायला घर सोडायची गरज नव्हती.

चार आठवड्यांत इथे प्रत्यक्ष काय करता येतं ते सांगतो. एक सत्र खटला निवडा, ज्यात साक्षी सुरू आहेत किंवा आठवड्याभरात सुरू होणार आहेत. ई-कोर्ट्सच्या ॲपवर १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. मग सरकारी वकिलांच्या परवानगीने, त्यांच्याच कार्यालयात बसून दोषारोपपत्राचा साक्षीदार तक्ता करा. रकाने असे: साक्षीदाराचा क्रमांक, तो कोण (फिर्यादी, पंच, डॉक्टर, तपासी अंमलदार), जबाबाची तारीख, पान क्रमांक, तो कोणता कागद सिद्ध करणार, आणि त्या कागदाला निशाणी (पुराव्यात वाचल्याचा क्रमांक) पडली की नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पंचनामा गठ्ठ्यात आहे पण तो सिद्ध करणारा पंच तपासलाच नाही, हे युक्तिवादाच्या दिवशी लक्षात आलं तर फार उशीर झालेला असतो. चांगला तक्ता ते पंधरा दिवस आधी दाखवतो.

दुसरं काम वगळलेल्या मजकुराचं. फिर्याद, पोलिसांसमोरचे जबाब आणि मॅजिस्ट्रेटसमोरचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खालचा जबाब शेजारी ठेवून वाचा. फिर्यादीत ‘कुऱ्हाडीने मारलं’ आहे आणि पुरवणी जबाबात ‘कुऱ्हाडीच्या दांड्याने’ आहे, असे फरक पान क्रमांकासह नोंदवा. बचाव पक्षाचा वकील उलटतपासात नेमकं हेच विचारणार: ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का? मग जबाबात का नाही?’ महत्त्वाचा मजकूर वगळणं ही विसंगती ठरू शकते, हे त्याच संहितेच्या कलम १८१ च्या स्पष्टीकरणात आहे. सरकारी वकिलाला ही यादी साक्षीदार पिंजऱ्यात चढण्याआधी मिळाली तर तिचा उपयोग, नंतर मिळाली तर नाही.

इथे खानदेशी विद्यार्थ्याजवळ एक गोष्ट असते, जी मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याकडे नसते. साक्षीदार अहिराणीत बोलतो आणि जबाब प्रमाण मराठीत उतरतो. ‘आंडोर’ म्हणजे मुलगा आणि ‘आंडेर’ म्हणजे मुलगी. फरक एका कान्याचा. लिहून घेणारा दुसऱ्या भागातून बदलून आलेला असेल तर अशा जागी चूक होऊ शकते. ‘मन्हा जोडे व्हता’ याचा अर्थ ‘माझ्याजवळ होता’. तिथे जोड्याचा, चपलेचा काही संबंध नाही. साक्ष नोंदवली जात असताना असा शब्द निसटताना दिसला तर चिठ्ठीवर लिहून सरकारी वकिलांपुढे सरकवा, स्वतः बोलू नका. दुरुस्ती साक्ष वाचून दाखवतानाच व्हायला हवी. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पावरी-भिली बोलणाऱ्या साक्षीदारांसाठी दुभाषा लागतो. दुभाषाचं भाषांतर कसं नोंदवतात, शपथ कशी देतात, हे नंदुरबारला जितकं जवळून दिसेल तितकं मुंबईच्या फोर्टमध्ये दिसणार नाही.

प्रकरणांचा साठाही आपल्याकडचा वेगळा आहे. शिरपूर तालुक्याच्या सातपुडा पट्ट्यात गांजाच्या शेतीवर कारवाया होतात. असा खटला मिळाला तर तो सोडू नका, कारण अमली पदार्थांच्या कायद्यात कागद न् कागद मोजला जातो. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे आणि फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. पोलिसांनी झाडं मुळासकट उपटून एकत्र तोलली असतील तर २० किलोची व्यावसायिक मर्यादा खरोखर ओलांडली का, हा वाद उभा राहतो. लागवडीच्या गुन्ह्याला मात्र वजनाची अट नाही, त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून दोषारोप कोणत्या कलमाखाली ठेवलाय हे आधी बघा.

मग मुद्देमालाची साखळी कागदावर मांडा: जप्तीची तारीख आणि वेळ, लाखेचं सील, मुद्देमाल रजिस्टरचा क्रमांक, कलम ५२-अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर केलेली यादी आणि नमुने, नमुने घेऊन गेलेला पोलीस कर्मचारी, प्रयोगशाळेची पोच, सी.ए. (रासायनिक विश्लेषकाच्या) रिपोर्टवरचं वजन. मधली एक कडी कागदावर नसेल, तर बचाव पक्ष तीच धरणार. मिळालेली खबर लेखी नोंदवून ७२ तासांत वरिष्ठांना पाठवल्याचा कागद आहे का, तेही तपासा.

रिमांडच्या प्रकरणांत दिवस मोजायला शिका. दोषारोपपत्राची मुदत गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांची. व्यावसायिक प्रमाणातल्या अमली पदार्थांना १८० दिवस. पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा की सोडायचा, यावर बरीच वर्षं मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी तो दिवस धरायचा असं ठरवून दिलं. एक दिवस चुकला तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो आणि तपास कितीही चांगला असला तरी तो जामीन थांबवता येत नाही. पैरवी अधिकाऱ्याजवळ (कोर्टातलं काम बघणारा पोलीस) बसून हे गणित दोन-चार प्रकरणांत स्वतः करून बघा.

जिल्ह्याच्या उणिवाही आहेत. शिकवायला वेगळा वेळ कोणी देत नाही, बसायला खुर्ची मिळेलच असं नाही, समन्स पोचलं नाही म्हणून साक्षीदार येत नाही आणि अख्खा दिवस ‘पुढील तारीख’ ऐकण्यात जातो. म्हणून एकाच खटल्यावर विसंबू नका, तीन-चार खटल्यांच्या तारखा आठवडाभराच्या वहीत मांडून ठेवा. बलात्काराचे आणि पोक्सोचे खटले बंद दाराआड चालतात, तिथून विद्यार्थ्याला बाहेर पाठवलं जाणारच. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आणखी एक फायदा, जो मुलं विसरतात. अभ्यासक्रमातल्या चौथ्या प्रात्यक्षिक पेपरमध्ये एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून त्याची नोंदवही करायला ३० गुण असतात. जिल्ह्यातल्या इंटर्नशिपमध्ये फौजदारी खटल्याची ही वही खऱ्या निरीक्षणातून तयार होते. वर्गात एकाची वही दुसऱ्याने उतरवण्याची जी रीत पडली आहे, ती तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत उघडी पडते.

औरंगाबाद खंडपीठ: आपल्या निकालांचं पुढे काय होतं

खानदेशातले तिन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. जळगावच्या सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवरचं अपील मुंबईला जात नाही, छत्रपती संभाजीनगरला जातं. उच्च न्यायालय म्हणजे मुंबई हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही याचा विसर पडतो. ज्याला खानदेशात वकिली करायची आहे त्याच्यासाठी हे ठिकाण मुंबईपेक्षा कितीतरी कामाचं आहे. पुढे याच कार्यालयाशी आणि याच वकिलांशी गाठ पडणार असते.

इथलं काम जिल्ह्याहून अगदी वेगळं. अपील, जामीन, अटकपूर्व जामीन, गुन्हा रद्द करण्याचे अर्ज. बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी) मोठं असतं, प्रत्येक प्रकरणाला मिनिटं थोडी. तपासी अधिकारी गठ्ठा घेऊन सकाळी हजर होतो आणि सरकारी वकिलाला तेवढ्यात प्रकरण समजून घ्यावं लागतं. इंटर्न एक पानी टिपण करून देऊ शकला तर त्याची गरज लगेच जाणवते. टिपणात हवं ते एवढंच: गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणं, कलमं, अटकेची तारीख, दोषारोपपत्र दाखल आहे का, अर्जदाराची नेमकी भूमिका कोणत्या पानावर, जप्ती काय, पूर्वीचे गुन्हे, सहआरोपींच्या जामिनाची स्थिती. दोन पानं झाली की कोणी वाचत नाही.

खालच्या कोर्टातल्या साक्षी मराठीत, इथलं कामकाज इंग्रजीत. साक्षीचं इंग्रजी भाषांतर मूळ मराठीशी ताडून बघण्याचं काम मिळालं तर ते कंटाळवाणं समजू नका, मागून घ्या. वर सांगितलेली आंडोर-आंडेरसारखी चूक इथे सापडते, आणि कधी अपिलाचा मुद्दाच त्यावर फिरतो.

कलमांचे जुने-नवे आकडे इथे फार त्रास देतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये आहेत. आकडा टाकून निवाडे शोधले की भलतेच हाती येतात. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, त्यामुळे पुढची अनेक वर्षं दोन्ही कायदे शेजारी ठेवूनच काम करावं लागणार. पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर जुन्या-नव्या कलमांचे दोन रकाने करून घ्या.

साक्ष्य अधिनियम आणि फौजदारी प्रक्रिया शिकून झाल्याशिवाय मात्र इथे येऊ नका. युक्तिवाद पुराव्याच्या मूल्यमापनाचा असतो, आणि ज्याने पुरावा नोंदवताना बघितलेला नाही त्याला तो नुसता शब्दांचा खेळ वाटतो. म्हणूनच खंडपीठ दुसऱ्या डावाला.

प्रवास म्हणाल तर जळगावहून अजिंठा-सिल्लोड मार्गे रस्त्याने साधारण १६० किलोमीटर, धुळ्याहून चाळीसगाव आणि कन्नड घाटातून साधारण १५०. रोज जाऊन-येऊन जमणारं नाही. पण शनिवारी घरी यायला अवघड नाही. नंदुरबारकरांना मात्र तिकडेच राहावं लागतं.

मुंबई: नेमकं काय हवंय ते ठरलं असेल तर

मुंबईची खरी ताकद विशेष न्यायालयांत आहे. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा), ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा, सीबीआय, एनआयए, मनी लाँडरिंग असे खटले एकाच शहरात नियमित चालतात. आर्थिक गुन्ह्यांत पुढे काम करायचं असेल, बँकेचे उतारे आणि डिजिटल पुरावा वाचायला शिकायचं असेल, तर तिथे जाण्याला अर्थ आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, डिजिटल पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र, त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ दोन भाग, ते कोणी सही करायचे, कुठे चुकतात, हे अशा खटल्यांत वारंवार समोर येतं.

मात्र ज्या प्रसिद्ध खटल्यांच्या ओढीने मुलं जातात, त्यातले बरेच केंद्रीय यंत्रणांचे किंवा विशेष सरकारी वकिलांचे असतात. राज्याच्या कार्यालयात इंटर्न असल्यामुळे ते गठ्ठे हाती लागत नाहीत. मागे बसून ऐकता येतं, आणि ते तर कोणालाही खुल्या न्यायालयात ऐकता येतं.

खोली घेण्याआधी न्यायालय कोणतं ते पक्कं करा. सत्र न्यायालय फोर्टमध्ये आहे आणि दिंडोशीलाही आहे. फोर्टचं सीएसएमटीहून चालत गाठता येतं, त्यामुळे जळगाव-भुसावळहून ४२०-४४० किलोमीटर येणाऱ्याला मध्य रेल्वेच्या मार्गावर, कल्याण-डोंबिवलीला नातेवाइकांकडे राहणं सोयीचं. दिंडोशीला पश्चिम रेल्वेवर गोरेगाव किंवा मालाडला उतरावं लागतं. डोंबिवलीहून रोज तिथे जाणं म्हणजे दिवसाचे कित्येक तास लोकलमध्ये. चार आठवड्यांसाठीही भाडं पूर्ण महिन्याचं आणि अनामत वेगळी, हे घरी आधीच सांगून ठेवा. सरकारी वकिलांकडे मानधन गृहीत धरू नका. नातेवाइकांची सोय नसेल आणि त्यासाठी कर्ज काढायची वेळ येत असेल, तर आमच्या मते मुंबई सोडून द्यावी. जिल्ह्यात दोनदा इंटर्नशिप केलेला विद्यार्थी मुलाखतीत कुठेही कमी पडत नाही.

पुण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शिवाजीनगरचं न्यायालयही जिल्हा न्यायालयच, काम मराठीतच, फक्त विद्यार्थ्यांची गर्दी आपल्यापेक्षा पुष्कळ. नवापूर-नंदुरबारकडच्यांना सुरत रेल्वेने जवळ पडतं, पण तिथलं खालच्या न्यायालयाचं कामकाज गुजरातीत चालतं आणि महाराष्ट्राच्या परीक्षेला त्याचा उपयोग थोडा.

अर्ज, वही आणि पथ्यं

जिल्ह्यात प्रत्यक्ष जाणं उत्तम. प्राचार्यांचं पत्र (वर्ष, हजेरी क्रमांक, नेमक्या तारखा), ओळखपत्राची प्रत आणि अर्ध्या पानाचा अर्ज घेऊन जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयात बोर्ड सुरू होण्याआधी किंवा संध्याकाळी भेटा. बोर्ड चालू असताना दारात अर्ज पुढे केला तर तो गठ्ठ्यात हरवतो. अर्जात ‘काहीही काम करेन’ असं लिहू नका. ‘सत्र खटल्यांत साक्षीदार तक्ता आणि जुन्या-नव्या कलमांची टिपणं करून देऊ शकतो’ असं लिहिलं की समोरचा काम देण्याचा विचार करतो. खंडपीठ आणि मुंबईसाठी दोन-तीन महिने आधी ईमेल आणि छापील अर्ज दोन्ही पाठवा.

इंटर्नशिप डायरीवर सही दर आठवड्याला घ्या. शेवटच्या दिवसासाठी ठेवलेली सही अडकते, कारण अभियोक्त्याची बदली होते, सरकारी वकिलाची मुदत संपते, किंवा साहेब दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टात असतात. पोशाख पांढरा शर्ट, काळा कोट, काळा टाय. बँड आणि गाऊन सनद (वकील म्हणून नोंदणी) मिळाल्यावरच.

गोपनीयतेबाबत मात्र जराही ढिलाई नको. गठ्ठ्याचा मोबाइलवर फोटो काढायचा नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव, गाव, शाळा डायरीतही लिहायची नाही. तिची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली २ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. लहान गावात नुसतं ‘अमुक गल्लीतली मुलगी’ म्हटलं तरी ओळख पटते, म्हणून ‘पीडिता’ आणि खटल्याचा क्रमांक, एवढंच लिहा. केस डायरी (पोलिसांची तपासाची नोंदवही) आरोपीला मागता येत नाही, तेव्हा तिच्यातला मजकूर मित्राला सांगणंही चूकच. आणि ज्या कोर्टात सरकार पक्षाकडे बसता, त्याच काळात तिथल्या बचाव पक्षाच्या वकिलाकडे ज्युनिअर म्हणून वावरू नका.

कार्यालयात जागा मिळाली नाही तर आणखी एक वाट आहे. फिर्यादीतर्फे नेमलेला खासगी वकील नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३८ प्रमाणे सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार काम करू शकतो आणि न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. अशा वकिलाकडे इंटर्नशिप केली तरी सरकार पक्षाचा खटला आतून बघायला मिळतो.

नोकरीच्या बाजूने तुलना

सहायक सरकारी अभियोक्त्याच्या परीक्षेला कायद्याच्या पदवीबरोबर वकिलीचा अनुभव मागतात. वर्षांचा आकडा आणि वयोमर्यादा चालू जाहिरातीतूनच घ्या, क्लासच्या पत्रकातून नको. विद्यार्थीदशेतली इंटर्नशिप वकिलीच्या वर्षांत धरली जात नाही. म्हणजे निकाल लागला की पहिली धाव सनदेची. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर नोंदणीचं शुल्क कायद्यातल्या ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही, अनुसूचित जाती-जमातींसाठी ते १२५ रुपये आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदालाही आता ३ वर्षांच्या वकिलीची अट आहे. २० मे २०२५ च्या निकालाप्रमाणे ती तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. सनद सहा महिने उशिरा घेतली तर दोन्ही परीक्षा तेवढ्याच मागे सरकतात.

ही वर्षं कुठे काढायची? मुंबईत नव्या वकिलाचे मोठ्या चेंबरमध्ये बरेच दिवस तारखा घेण्यात आणि धावपळीत जातात. तालुक्याच्या कोर्टात, चोपडा, पाचोरा, साक्री, तळोदा कुठेही, पहिल्या वर्षीच मॅजिस्ट्रेटसमोर स्वतः उलटतपास घेण्याची संधी मिळू शकते. अभियोक्त्याच्या परीक्षेसाठी आणि त्या पदावरच्या कामासाठी तीच तयारी उपयोगाची. मिळकत सुरुवातीला दोन्हीकडे तुटपुंजीच, पण घरी राहून ती निभावते.

नव्या वकिलाला ठरावीक मानधनावर फौजदारी काम देणारं एक दार जिल्ह्यातच आहे, फक्त ते समोरच्या बाजूचं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक (आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या) कार्यालयात, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (‘नाल्सा’) २०२२ च्या योजनेनुसार, सहायक लोकअभिरक्षक हे पद ० ते ३ वर्षं वकिली झालेल्यांसाठी असतं. काम कंत्राटी आणि पूर्णवेळ, खासगी प्रकरणं घेता येत नाहीत. ‘आपल्याला तर सरकार पक्षाकडे जायचंय’ म्हणून हे नाकारू नका. बचावाकडून पन्नास साक्षीदार तपासलेल्याला सरकार पक्षाचा खटला कुठे कच्चा राहतो ते नेमकं कळतं.

सनद मिळाल्या दिवसापासून एक वेगळी वही घाला. तारीख, न्यायालय, खटल्याचा क्रमांक, आपण कोणातर्फे हजर होतो, काय केलं, एवढंच. त्या दिवसाच्या रोजनाम्यात आपलं नाव आलं असेल तर त्याची प्रत काढून ठेवा. न्यायाधीशपदासाठी अनुभवाचा दाखला प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा १० वर्षं वकिली झालेल्या वकिलाने देऊन जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने दुजोरा दिलेला लागतो. तीन वर्षांनी जाहिरात निघाल्यावर ही हजेरी आठवून लिहायला बसलात, तर निम्म्या तारखाही सापडत नाहीत.